तापलेल्याला पाणी

आईच्या हातावरचे फोड त्रिंबकला दिसले ते तिनं ताटात भाकरी टाकली तेव्हा. मनगटापासून कोपरापर्यंतची आतली बाजू लालभडक झाली होती आणि तिच्यावर कोरफडीचा गर वाळून चकाकत होता. हात पदराखाली घ्यायची तिची घाई आधी लक्षात आली, फोड मग दिसले. "माय, हे काय?" "काय न्हाई. वाफारा लागला." "कशाचा? कुकरचा?" "कुकरचा कावून? तुज्या लोखंडाचा," भिवराबाई म्हणाली आणि चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी हसली. तिला असं हसताना आपण याआधी कधी पाहिलं ते त्याला आठवेना. काल तो कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर अडकला होता, त्यामुळे साखर कारखान्यावरची शाफ्टची पूजा त्याला चुकली होती. चेअरमन अर्जुनरावांनी मात्र बीडला घरापर्यंत जीप पाठवून आईला नेलं होतं. आता तिला सांगितल्याशिवाय राहवेना. "सुवासिनी हुब्या व्हत्या रे रांगंनं, काठापदराच्या. मला वाटलं, मागं कुटंतरी बसवतेल. तर आर्जुनराव म्हणले, ह्या बाईनं जल्मभर ऊस तोडला, हिचा लेक कंप्युटरवर आपला शाफ्ट घडवितो, पानी हिच्याच हातानं. राक्षसभुवनाहून गोदावरीचं पानी आणलतं, तांब्याची घागर भरून. लोटाभर घाला म्हणले. म्या सारी घागर रिती केली." त्रिंबकनं विचारलं, "सगळी? कावून, माय?" "कावून म्हंजी? लई तापलं व्हतं ते. जवळ गेलं की तोंड भाजत व्हतं. तापलेल्याला निववावं लागतं, बाबा." त्यानं भाकरी चांगली झालीय असं सांगितलं.

ती पुढची भाकरी थापायला वळली आणि तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. काय झालंय ते या घरात, या गल्लीत, बहुधा सगळ्या बीडमध्ये एकट्या त्याला कळलं होतं आणि ते कळणं त्याला नको होतं. मागच्या हंगामात कारखान्याच्या चरकाचा शाफ्ट गेला होता, म्हणजे ऊस पिळणारे अजस्र रोलर ज्याच्यावर फिरतात तो पोलादी दांडा. तयार शाफ्ट बाहेरून मागवायचा तर तो येईपर्यंत उसाचं चिपाड झालं असतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, विहिरी आटलेल्या, उभा ऊस दिवसागणिक वाळत चाललेला. म्हणून कच्चा घडवलेला शाफ्ट मिळवून कारखान्याच्या आवारातच भट्टी बांधायची आणि त्याला तिथंच योग्य उष्णता द्यायची असं संचालक मंडळानं ठरवलं. तापवायला कुणीही तापवतो. खरी गोम थंड करण्यात असते, आणि त्रिंबकनं आपली उमेदीची वर्षं त्याच एका गोष्टीत घातली होती: तापलेलं पोलाद थंड होताना आत काय काय बदलतं ते संगणकावर मांडणं. कॉलेजातले मास्तर त्याची टर उडवत. सर, चहा गार होतोय, त्याचंही एखादं मॉडेल होऊन जाऊ द्या. गावाकडं शिरूर कासारला तर चुलत्यानं तोंडावरच विचारलं होतं, लोखंड गार करायला कंप्युटर कशाला बे, हौदात टाक की. अर्जुनराव तेवढे हसले नव्हते. त्यांनी दोन्ही हात जोडून सांगितलं होतं, "सर, आपल्या मातीतलं माणूस असताना म्या पुण्याला कावून जाऊ?" त्या एका वाक्यावर त्रिंबक पाघळला होता. आपल्या मातीनं आपल्याला काही मागावं, ही हाव त्याला फार जुनी होती. ती भागली तेव्हा आपण किती उपाशी होतो ते त्याला कळलं.

कॉलेजात पोहोचेपर्यंत त्यानं मनाशी शाफ्ट पुन्हा पुन्हा तापवला आणि थंड केला. रिक्षा बसस्टँडवरून वळली, क्लासच्या पाट्यांवरचे गुणवंत चेहरे धुळीतून हसत मागे गेले, आणि त्याच्या डोळ्यांपुढे सारखी ती जाळी येत होती. संगणकावर त्यानं शाफ्टचे बारीक बारीक चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाला आपलं तापमान, प्रत्येक चौकोनाचं शेजाऱ्याशी देणंघेणं. भट्टीतून निघालेल्या पोलादात कणांची एक मांडणी असते. सावकाश थंड होऊ दिलं तर ते आपापल्या सोयीनं जागा बदलतात आणि पोलाद सोशीक होतं. एकदम गार केलं तर बिचारे अर्ध्या वाटेतच गोठतात, तिथं पोलाद कमालीचं कठीण होतं आणि काचेसारखं तडकतं. त्यातून या शाफ्टच्या जातीचं पोलाद आळशी. वरून काळं पडलं, निवलं असं वाटलं, तरी आत त्यानं बदलायला सुरुवातसुद्धा केलेली नसते. म्हणून त्रिंबकनं बजावलं होतं, भट्टीतून काढला की राखेच्या खड्ड्यात पूर्ण पुरायचा आणि मी सांगेपर्यंत उघडायचा नाही. संगणकाला तर आधीच सांगून ठेवावं लागतं की कडेला काय आहे, हवा आहे, राख आहे की पाणी. त्याला सीमाअट म्हणतात. त्यानं सगळीकडून राख लिहिली होती. एका टोकाला भिवराबाई उभी असेल आणि तिच्या कडेवर घागर असेल, हे त्याला कुठं लिहायचं होतं? आणि सुचलं असतं तरी असा रकाना त्या आज्ञावलीत नव्हता.

आणि त्याला सुचायला हवं होतं, कारण तिला निववताना जर कुणी पाहिलं असेल तर त्यानंच. तेव्हा तो लहान होता, आईबाप ऊसतोडीला पश्चिमेकडं गेलेले, आणि पाचटाच्या कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, त्याला कांजिण्या निघाल्या. देवी आलीय म्हणत आईनं त्याला कुणाला शिवू दिलं नाही. ती दिवसभर फडात कोयता चालवायची आणि परत आली की आधी त्याच्या कपाळाला हात लावायची. त्या हाताला उसाच्या रसाचा चिकट, आंबूस वास असायचा. देवी उतरायला लागली तसं तिनं मालकाच्या पाटावरून पाणी आणलं, त्यात कडुलिंबाचा पाला टाकला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याच्या अंगावर ते धार धरून ओतलं. निव गं माय, निव. ते निवणं त्याला अजून कातडीला आठवत होतं, इतकं सुख त्याला नंतर कशानंही झालं नव्हतं, डॉक्टरेटनंसुद्धा नाही. दह्यात कालवलेला भात तिनं भरवला तेव्हा ती स्वतः जेवली होती की नाही ते त्यानं विचारलं नाही. पोरं विचारत नाहीत. त्याच हंगामात उसाची गाडी उलटून बाप गेला, आणि मग जो तो भिवराबाईला बघून वाट बदलायला लागला. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे, नव्या नवरीच्या पुढ्यात ती येत नसे, घरातल्या घरात पुतणीच्या लग्नात जाऊबाई वत्सलाबाईनं तिला भांड्यांपाशी बसवलं होतं आणि हे सगळं तिनं कधी कुरकुर न करता सोसलं. तिला त्याचं काही वाटत नसावं अशी त्रिंबकनं स्वतःची समजूत करून घेतली होती. सकाळचं ते हसू बघितलं आणि त्या समजुतीच्या चिंधड्या झाल्या. तिला वाटत होतं. इतकी वर्षं रोज वाटत होतं.

दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरवर एकच संगणक चालत होता. त्यानं खोलीचं दार लावून घेतलं आणि राखेच्या जागी, शाफ्टच्या टोकाला, मानेपाशी पाणी लिहिलं. आकडे टाकताना त्यानं आईच्या बाजूनं जेवढी लबाडी करता येईल तेवढी केली. पाणी कोमट धरलं. अर्धं बाहेर सांडलं असं धरलं. शाफ्ट जास्त निवला होता असं धरलं. दर वेळी मान जिथं बारीक होते त्या कोपऱ्यात तोच निळा डाग उगवला, कठीण आणि ठिसूळ पोलादाचा, आणि दर वेळी त्याच्या काठानं ताण चढत जाऊन मर्यादेच्या पलीकडे गेला. मॉडेल चुकतही असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. सगळीच मॉडेलं थोडीफार चुकतात. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आपलं मॉडेल चुकावं म्हणून देवाला हात जोडले, आणि देव आहे की नाही याचा निकाल त्यानं अजून लावलेला नव्हता. सांगावं तर शाफ्ट रद्द होणार, हंगाम बुडणार, आणि का बुडाला तर भिवराबाईनं पाणी घातलं म्हणून. न सांगावं तर चरक भरात असताना मान तुटेल, आणि तिथं माणसं उभी असतात, त्याच्याच गावची. हे दोन्ही तो समजू शकत होता. तिसरी एक गोष्ट मात्र त्याला गिळता येत नव्हती. रांडमुंड बाईचा हात लागला की कामाचा नाश होतो, असं म्हणणाऱ्यांशी तो उभा जन्म भांडला होता आणि आता तो स्वतः, चौकोन पाडून, गणित मांडून, अगदी तेच सिद्ध करत बसला होता. कारण वेगळं होतं. पण कारण कोण ऐकून घेतं? निष्कर्षाचं शेवटचं वाक्य दोन्हीकडं सारखंच होतं.

कारखान्यावर तो एसटीनं गेला. चौसाळ्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या आणि वाळका ऊस चारा म्हणून तिथं येऊन पडत होता. आवारात शाफ्ट राखेतच होता, एक टोक बाहेर, त्याच्यावर वाळलेलं कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. फोरमन गहिनीनाथ पुढं आला. "टोक उघडं कसं राहिलं, गहिनीनाथ?" "राख पुरली न्हाई, सर. मागच्या साली गाळपच किती झालं? चिपाड जळलं तर राख हुणार. दुष्काळात राखीचा बी दुष्काळ," गहिनीनाथ म्हणाला आणि हसला. मग त्रिंबकचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "काय झालं का, सर?" त्रिंबक तडक चेअरमनच्या खोलीत गेला. अर्जुनरावांनी चहा सांगितला, आईची चौकशी केली. "काल माउलीनं डोळ्यात पाणी आणलं बघा आमच्या. लोटा पुरं म्हणलं तर घागर ओतली. अशी दानत पायजे माणसाला." त्रिंबकनं सगळं सांगितलं. शक्य तितकं शास्त्रीय करून सांगितलं, तापमान, मांडणी, ताण, आणि पाणी कुणी घातलं ते एकदाही तोंडातून जाऊ दिलं नाही. अर्जुनराव गडी हुशार. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. "हे कंप्युटर म्हणतो का तुमी म्हणता?" "मी म्हणतो." "हं." त्यांनी बाहेरच्या धुराड्याकडं बघितलं. धूर नव्हता. "तपासून घिऊ. औरंगाबादचा माणूस बोलावतो. चरकापाशी माझी माणसं मेली तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई." त्रिंबक उठला, दारापर्यंत गेला, परत वळला. "साहेब, एक विनंती. पाणी कुणी घातलं ते..." "म्या कावून सांगीन, सर?" अर्जुनराव मनापासून म्हणाले. "पर सांगायचं ऱ्हायलंय कुणाला? हजार माणसानं पायलंय की हो."

परतीच्या एसटीत त्याला जागा मिळाली, खिडकीही मिळाली, आणि त्याला मेल्यासारखं वाटत होतं. आपण योग्य केलं, तो मनात म्हणाला, आणि त्या शब्दाला काही चवच लागली नाही. माणसाला योग्य केल्याचं थोडं तरी बरं वाटायला हवं, निदान मानेवरचं ओझं उतरल्यासारखं. त्याला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती शाफ्टची नव्हती. घरी आई फोडांवर फुंकर घालत बसली असेल आणि शेजारणीला पुन्हा पहिल्यापासून सांगत असेल, सुवासिनी हुब्या व्हत्या रांगंनं. तेवढे काही दिवस तिला मिळू देत, त्यानं मागितलं. औरंगाबादच्या माणसाला उशीर होऊ दे. त्याची गाडी बंद पडू दे. शाफ्ट राखेत पडून राहू दे, निवून, कुणी विचारू नये असा.

औरंगाबादचा माणूस वेळेवर आला. पार निवलेल्या शाफ्टच्या मानेला त्यानं लाल रंग फासला, थांबून पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. भेग असेल तर तिच्यात मुरलेला रंग वर येतो. सगळे वाकून बघत होते. पांढऱ्यावर आधी काहीच नव्हतं, आणि त्या क्षणी त्रिंबकला वाटलं, चुकलो, माय, मी चुकलो, आणि आनंदानं त्याला हसू फुटलं. मग मानेच्या कोपऱ्यात एक लाल रेघ हळूहळू उमटली, केसाएवढी, आणि आख्ख्या मानेला वळसा घालत गेली. अगदी मॉडेलनं दाखवली होती तिथं. आपलं गणित असं तंतोतंत खरं ठरावं म्हणून संशोधक झुरत असतात. गहिनीनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, तुमी माणसं वाचवली." त्रिंबकनं मान हलवली.

हंगाम झाला नाही. उभा ऊस छावण्यांना गेला, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांत बसून दुसऱ्या मुलखात गेल्या, आणि सर्वसाधारण सभेत मंडपातून कुणीतरी उठून विचारलं, चेअरमनसाहेब, शाफ्ट गेला कशानं? त्रिंबक पहिल्या रांगेत बसला होता, त्याला मुद्दाम बसवलं होतं. अर्जुनरावांनी दिलेला शब्द पाळला, नाव घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गरम असताना त्याच्यावर पाणी पडलं. हे म्या म्हणत न्हाई, त्रिंबकसरांनी शास्त्रानं सिद्ध केलंय. कंप्युटर खोटं बोलत न्हाई." टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या मागून, बायकांच्या बाजूनं, एक लांबलचक कुजबुज मंडपभर पसरत गेली आणि त्रिंबकला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. विधवेचा हात लागला की नाश होतो, हा आतापर्यंत जाऊबाई वत्सलाबाईच्या तोंडाचा पट्टा होता, लोक ऐकत आणि सोडून देत. आता त्या बोलण्यावर त्रिंबकच्या डॉक्टरेटचा शिक्का बसला होता.

आईच्या कानावर ते कुणी घातलं ते त्यानं विचारलं नाही. तो घरी आला तेव्हा ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचा चेहरा रडलेला नव्हता. ती हिशेबाला बसल्यासारखी दिसत होती. "बाबा, खरं सांग. शाफ्ट माज्या हातानं मोडला?" "पाण्यानं मोडला, माय. हातानं नाही. हाताचा काही संबंध नाही." तो तिच्यासमोर बसला आणि बोलत सुटला. वर्गात कधी सांगितलं नव्हतं इतक्या सोप्या शब्दांत त्यानं तिला सगळं सांगितलं, पोलाद कसं असतं, राख कशी कमी पडली, त्यांनी आधी विचारायला कसं हवं होतं, चूक त्यांची, चूक माझी, मी तिथं नव्हतो. "अर्जुनरावांच्या बायकोनं घातलं असतं तरी तेच झालं असतं. पाण्याला कुठं कळतं, कोण सुवासिन आणि कोण नाही?" ती लक्ष देऊन ऐकत होती. तिला पटत चाललंय असं त्याला वाटलं आणि तो आणखी जोरात बोलायला लागला. मग ती म्हणाली, "पर त्या बाईनं लोटाभरच घातलं असतं." तिनं त्याच्याकडे बघितलं. "सांगितलं तेवढंच घातलं असतं तिनं," ती शांतपणे म्हणाली. "लोटाभर पान्यानं मोडला असता का रे?"

हे त्यानं मांडून बघितलं होतं. त्या दुपारी, दार लावून, सगळ्यांत शेवटी. लोटाभर पाण्याची वाफ होते, वरचा पापुद्रा क्षणभर निवतो, आतली उष्णता त्याला लगेच परत तापवते आणि काहीही होत नाही. डाग उमटत नाही. शाफ्ट वर्षानुवर्षं चालतो. ते चित्र त्यानं पुसून टाकलं होतं. आत्ता फक्त हो म्हणायचं होतं. हो, माय, लोटाभरानंही मोडला असता, थेंबानंही मोडला असता. जगातल्या कुठल्याही लेकानं तेवढं म्हटलं असतं. पण इतकी वर्षं कुणी विचारलं की जे आहे ते सांगायची सवय झालेली, आणि त्याच्या तोंडून गेलं, "नाही. लोटाभरानं काही झालं नसतं." आपण काय बोललो ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "आसं," भिवराबाई म्हणाली. "बरं केलं सांगितलं." ती उठली, पदर सावरला आणि पीठ काढायला आत गेली. त्यानं हाक मारली तेव्हा तिनं नेहमीसारखी ओ दिली. नंतरही ती नेहमीसारखीच राहिली, जेवायची, बोलायची, कुणी शिरूरहून आलं तर पाऊसपाणी विचारायची. फक्त त्या दिवसानंतर तिनं आपल्या हातानं कुणाला पाणी दिलं नाही. दारात पाहुणा आला की ती आतूनच म्हणायची, "बाबा, पानी तू दे."